कायतेकच्या उंचीवरचा दगड

आमचं चर्च बघायला लोक येतात. अजूनही येतात, हीच तर गंमत. गळ्यात कॅमेरा, पाठीला पिशवी, हातात कुठलंतरी जुनं पुस्तक उघडं धरलेलं. येशोन वसाहतीच्या ट्रॅम थांब्यावर उतरतात, इकडेतिकडे बघतात, आणि बाकावर मी बसलेला असतो म्हणून मलाच विचारतात, "आजोबा, ते गोट्यांचं चर्च कुठाय?" मी हनुवटीनेच समोर दाखवतो. ते समोर बघतात, पुस्तकात बघतात, परत समोर बघतात. पुस्तकात काळपट काँक्रीटचं छत आहे, एका बाजूने पार जमिनीपर्यंत उतरलेलं, आणि खाली सगळ्या भिंतीभर नदीतले गोटे, हजारो. समोर आहे पीचच्या रंगाचा गुळगुळीत डबा.

"हे नव्हे," ते म्हणतात.

"हेच," मी म्हणतो.

मागच्या वसंतात बेल्जियमची एक पोरगी आली होती, ती चक्क रडायला लागली. मी म्हटलं, अगं बाई, तू कशाला रडतेस? तुझं काय गेलं यात? मग तिला पाण्याची बाटली दिली आणि परतीच्या ट्रॅममध्ये बसवून दिलं.

बांधलं तेव्हा वसाहतीने त्याचं नाव ‘कोंबडी’ ठेवलं होतं. अंड्यांवर बसलेली कोंबडी एक पंख पसरून जमिनीला टेकवते ना, अगदी तसं दिसायचं. रंग फासल्यापासून लोक तिला सोललेली कोंबडी म्हणतात. फादर अलोयझींच्या तोंडावर कोणी म्हणत नाही. त्यांच्या तोंडावर म्हणतात, "किती उबदार झालं हो, फादर!" आणि झालंय उबदार, खोटं कशाला बोलू. पूर्वी जानेवारीत प्रार्थना म्हणताना तोंडातून वाफ निघायची, आणि गुडघे टेकले की परत उठायला शेजाऱ्याचा खांदा लागायचा.

त्या भिंतीचं मात्र सांगायला हवं. ही अख्खी वसाहत खेड्यांतून आलेल्या लोकांची. पोलाद कारखान्याने माणसं ओढून आणली, चार मजली इमारतींत कोंबली, आणि चर्च मागितलं की तेव्हाचं कम्युनिस्ट सरकार कानात बोळे घालून बसायचं. चौऱ्याहत्तर साली एकदाची परवानगी मिळाली, ती नुसती कागदावर. सामानाची बोंबच होती. तेव्हाचे म्हातारे फादर म्हणाले, सुट्टीत गावी जाल तेव्हा आपापल्या नदीतला गोटा घेऊन या, त्याची भिंत करू. लोकांनी बॅगा भरभरून आणले. एकाची तर आगगाडीत बॅग फाटली आणि सगळ्या डब्यात गोटेच गोटे. गडी माणसं रांगत रांगत ते गोळा करत होती.

आमच्या आईने एकच आणला. राबा नदीचा, आमच्या गावाबाहेरच्या वळणावरचा. त्या वळणावर सहासष्टच्या जूनमध्ये, पूर ओसरल्यावर, माझ्या धाकट्या भावाचा एक बूट सापडला होता. कायतेक त्याचं नाव. सात वर्षांचा होता. तो स्वतः सापडलाच नाही. तो वाहून गेला त्या दिवशी मी तेरा वर्षांचा घोडा बापाबरोबर शेतात होतो, आणि पूर बघायला गेलेल्या कायतेकचा हात धरायचं काम आईने माझ्या बहिणीला दिलं होतं. बोग्ना, दहा वर्षांची. आपले बूट काढून ठेवण्यापुरता तिने त्याचा हात सोडला. तेवढाच.

आईने तिला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं.

तर, आईने गोटा आणला. बदकाच्या अंड्यापेक्षा थोडा मोठा, करडा, समोर वाटाण्याएवढा पांढरा ठिपका. गवंडी तो वर कुठेतरी बसवायला निघाला तर आईने त्याला शिडीवरून खाली उतरवलं. बाजूच्या दारापासून तीन पावलं मोजली, कमरेच्या जरा वर हात आडवा धरला आणि म्हणाली, "इथे. एवढाच होता तो." ठिपका बाहेरच्या बाजूला ठेवायला लावला. त्यानंतर वीस वर्षं दर रविवारी आत जाताना ती त्या गोट्यावरून हात फिरवायची, जसा पोराच्या डोक्यावरून फिरवतात तसा. आम्हीही फिरवायचो. एक नोव्हेंबरला सगळे पोलिश लोक आपापल्या मेलेल्यांच्या थडग्यांवर काचेतल्या मेणबत्त्या लावतात. कायतेकचं थडगं नव्हतं. आमची मेणबत्ती त्या गोट्याखाली, जमिनीवर. पुढे धरण झालं आणि राबाचं ते वळणही पाण्याखाली गेलं. म्हणजे आमच्या पोराचं म्हणून या जगात जे काही उरलं होतं ते तेवढंच, दाराच्या डावीकडे तीन पावलांवर.

बोग्ना अठ्ठ्याऐंशी साली शिकागोला गेली. लोकांची घरं पुसली, मग म्हाताऱ्यांची सेवा केली, नवरा केला, पुरला. शहाण्णवला आईच्या मातीला आली होती ती शेवटची. पण एक नोव्हेंबरला तिचा फोन यायचाच, तिथली पहाट असायची. "लुदेक," ती म्हणायची. माझं नाव लुद्विक, लुदेक म्हणणारी आता तेवढी एकच उरली आहे. "लुदेक, मेणबत्ती लावलीस?"

"लावली."

"दगडाशी?"

"मग काय ट्रॅम थांब्यावर लावू?"

ती हसायची आणि थोडी रडायची. आई गेल्यावर माझा हात त्या गोट्यावरून कधी फिरायचा, कधी विसरायचा, आणि त्याच्यावरही इतरांसारखी कारखान्याची काजळी बसली. पण मेणबत्ती मी चुकवली नाही. निदान दोन हजार अठरा सालापर्यंत नाही.

अठरा साली फादर अलोयझींनी पंचायत बोलावली. चर्चच्या सात जणांच्या पंचायतीत मी आहे, कारण कारखान्यात मी क्रेन चालवायचो आणि उंचावरच्या कामातलं मला कळतं असा लोकांचा समज आहे. फादर म्हणाले, भिंतीला बाहेरून वीतभर जाडीचा थर्मोकोल लावायचा, वर गिलावा, वर रंग. वसाहतीतल्या सगळ्या इमारतींना लावलाय, देवानेच का कुडकुडावं? रंगांचा तक्ता फिरवला. कोणी पिस्ता म्हणालं, कोणी लोणी. मतदानाला पहिला हात कोणाचा वर गेला? माझा. गुडघे दुखत होते हो. आणि मला वाटलं, गोटा आत राहील, दुलईखाली झोपल्यासारखा. देवाशपथ असंच वाटलं होतं.

मग ठेकेदाराची माणसं आली आणि म्हणाली, गोट्यांवर थर्मोकोल चिकटत नाही, भिंत सपाट हवी. तीन दिवस छिन्नी-यंत्र चाललं. मी त्या तीन दिवसांत तिकडे फिरकलो नाही. स्तेफाला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हटलं माझं डोकं दुखतं त्या आवाजाने. चौथ्या दिवशी दाराशी गोट्यांचा हा एवढा ढीग, आणि त्यावर पुठ्ठ्याची पाटी: हवे त्यांनी न्यावेत. फुकट म्हटलं की आमच्या माणसाच्या पायांना चाकं फुटतात. दुपारपर्यंत अर्धी वसाहत हातगाड्या घेऊन हजर. कारखान्याने कामगारांना दिलेले बागांचे तुकडे आहेत रुळांपलीकडे, तिथे प्रत्येकाला कशाला ना कशाला दगड हवेच असतात. कोणी कारंज्याभोवती लावले, कोणी सांडपाण्याच्या खड्ड्यात ओतले.

मीही गेलो. तीन फेऱ्या केल्या. माझ्या बागेत फाटकापासून खोपटापर्यंत पाऊस पडला की रेंदा व्हायचा, तिथे पायवाट करायची कधीपासून मनात होती.

त्यात आपला गोटा असेल हे मनात आलं नाही का? आलं. पहिल्याच फेरीला आलं. दोन बादल्या गोटे घेऊन बसलो, ब्रशने काजळी घासली, ठिपका शोधला. निम्मे फुटलेले, सिमेंट चिकटलेले. पाठ मोडली. पाऊस आला. मी म्हटलं, लुद्विक, दगड तो दगड, आणि बाकीचे न घासताच रुतवले. काजळीची बाजू खाली, स्वच्छ बाजू वर. वाट छान झाली. शेजारी बघायला आले.

त्या वर्षी एक नोव्हेंबरला मेणबत्ती घेऊन चर्चला गेलो तर नव्या भिंतीवर पाटी: भिंतीजवळ ज्योत पेटवू नये, आगीचा धोका. थर्मोकोल ना. मेणबत्ती आईच्या थडग्यावर ठेवून आलो. घरी आलो तोच फोन. "लुदेक, लावलीस?" मी म्हटलं, "लावली." पुढच्या वर्षी सांगू म्हटलं. पुढच्या वर्षी ती आजारी होती. त्याच्या पुढच्या वर्षी काहीच कारण नव्हतं, तरी म्हटलं, "लावली, छान जळतेय." वाऱ्याचंसुद्धा वर्णन केलं. सहा वर्षं.

यंदा मार्चमध्ये तिचा फोन आला, वेळ नसताना. "जूनमध्ये येते. दहा दिवस. तिकीट काढलं."

स्तेफा माझ्याकडे बघतच राहिली. "सांग तिला आत्ताच."

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो म्हटलं ना! डोकं नको खाऊस."

"तुझं डोकं कोण खाणार," स्तेफा म्हणाली, "आत असायला तर हवं काही." चाळीस वर्षांच्या संसारात ती मला जे काही बोलली आहे त्यातलं निम्मं खरं निघालंय, हे निम्म्यातलंच.

विमानतळावर बोग्ना दिसली तेव्हा मला आधी ओळखूच आली नाही. आईएवढी बुटकी झालीय. पांढरे बूट, लाल जाकीट, आणि चालणं मात्र अगदी आईचं. मला मिठी मारून म्हणाली, "किती रे म्हातारा झालास!" मी म्हटलं, "तू तर अजून कुमारिकाच दिसतेस." दोघंही हसलो. गाडीत तिने विचारलं, "आधी चर्चला जायचं?" मी म्हटलं, "आज कुठे? दमली असशील. आधी बागेत चल, स्तेफाने जेवण केलंय." आधी बागेत. असलं डोकं.

स्तेफाने खोपटापुढे टेबल मांडलं होतं. गार बीटाचं सूप, नवे बटाटे शेपू घालून, खारवलेल्या काकड्या, भाजलेली सॉसेजं. बोग्ना फाटकाशीच थांबली. बूट काढले, मोजे काढले, आणि अनवाणी त्या वाटेवर पाय ठेवला. ऊन होतं, गोटे तापलेले होते. हळूहळू चालत आली, डोळे मिटून.

"अगं बाई," ती म्हणाली, "हे तर राबात पाय घातल्यासारखं वाटतंय! लुदेक, कुठून आणलेस रे हे?"

काकडी माझ्या घशातच अडकली. स्तेफा पाठीत बुक्के मारत होती, गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात. "आणले असेच," मी म्हणालो, "बांधकामावर पडले होते."

"मस्त केलीस वाट." आणि परत एकदा चालत फाटकापर्यंत गेली आणि आली.

जेवण झाल्यावर, चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून, ती म्हणाली, "तुम्हाला सांगते मी का आले ते. बाकी कोणाला भेटायला नाही आले. तुला भेटायला पण नाही, रागावू नकोस. मला कायतेकशी बोलायचंय. आईच्या मातीला आले होते तेव्हा माणसंच माणसं होती, जमलंच नाही. आता अडुसष्ट झाले. त्याची माफी मागायचीय रे. अठ्ठावन्न वर्षं मागायचीय. तिथून फोनवर होत नाही ते. डोक्यावर हात ठेवूनच व्हायला हवं."

स्तेफाने माझ्याकडे पाहिलं. मी भांडी उचलायला उठलो. जन्मात कधी भांडी उचलली नव्हती, त्या दिवशी उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही दोघं गेलो. स्तेफाला यायचं नव्हतं, म्हणाली मला तो तमाशा बघायचा नाही. बोग्नाने काळा स्कार्फ बांधला होता, पर्समध्ये काचेतली मेणबत्ती, शिकागोच्या पोलिश दुकानातून आणलेली. ट्रॅम थांब्यावर उतरली आणि त्या कॅमेरावाल्यांसारखीच इकडेतिकडे बघायला लागली.

"पाडली?" ती म्हणाली. "लुदेक, कोंबडी पाडली?"

"नाही गं. ती काय समोर."

ती बघत राहिली. मी तिचं तोंड बघायचं टाळलं. रस्ता ओलांडला, बाजूच्या दाराशी आलो. भिंत पीचच्या रंगाची, खालच्या बाजूला कुत्र्यांनी मुतून मुतून हिरवट झालेली. बोग्नाने पर्स जमिनीवर ठेवली.

"गोटे कुठायत?"

आता सांग, मी स्वतःला म्हटलं. आता सांगितलंस तर निम्मं तरी वाचेल. आणि तोंडातून काय निघालं? "आत आहेत. वरून थर्मोकोल लावलाय, ऊब राहायला. सगळे आत आहेत, जसेच्या तसे."

"कधी लावला?"

"झाली थोडी वर्षं."

"आणि तू मेणबत्ती...?"

"इथेच. इथे खाली."

तिने ती पाटी वाचली. मग दारापासून तीन पावलं मोजली, आईसारखीच, आणि कमरेच्या वर हात धरला. भिंतीवर तळवा टेकवला. बोटांनी वाजवून पाहिलं. ढब ढब. खोक्यावर वाजवावं तसं.

"बरं," ती म्हणाली. "बरं. आत आहे ना? आत आहे तर ठीक. त्यालाही ऊब मिळत असेल. थंडी फार लागायची त्याला, आठवतं? माझ्या पोटाशी पाय लावून झोपायचा." मग माझ्याकडे वळली. "तू जरा तिकडे जा."

मी कोपऱ्यापर्यंत गेलो. तिने गुडघे टेकले, दोन्ही तळवे त्या गिलाव्यावर ठेवले, कपाळ टेकवलं आणि बोलायला लागली. शब्द ऐकू येत नव्हते, पण आवाज बाईचा नव्हता, दहा वर्षांच्या पोरीचा होता. मला वाटलं, झालं, सुटलो. होऊ दे हिचं समाधान, खोट्यावर का होईना. दहा दिवसांनी जाईल, परत यायची नाही. देवा, मी तेव्हा खरोखर एवढाच विचार केला.

तेवढ्यात दार उघडून व्हांदाबाई बाहेर आली. चर्चची झाडलोट, फुलं, किल्ल्या सगळं तिच्याकडे, आणि तोंडाला कुलूप तेवढं नाही. "ओ बाई! भिंतीला टेकू नका, डाग पडतात! तेलकट हाताचे निघत नाहीत मग!"

बोग्नाने मान वर केली. डोळे पुसले. "माफ करा. आमच्या आईने दिलेला गोटा आहे इथे. आत."

"आत?" व्हांदाबाई म्हणाली. "आत कुठले गोटे, बाई? सगळे तासून काढले की तेव्हा. एक ठेवला नाही." मग मी दिसलो, आणि तिचा चेहरा खुलला. "यांनाच विचारा ना! लुद्विकसाहेबांनी तर तीन गाड्या नेल्या बागेत. काय सुंदर वाट केलीय, बघितली नाहीत?"

बोग्ना उठली. उठायला वेळ लागला, मी हात द्यायला पुढे झालो तर तिने तो घेतला नाही. माझ्याकडे बघितलं. मग खाली आपल्या पायांकडे बघितलं, बराच वेळ.

"मी चालले त्याच्यावरून," ती म्हणाली. "तू मला चालू दिलंस."

"बोग्ना, त्यात असेलच असं नाही गं, निम्मी वसाहत..."

"दोनदा चालले. तू काकडी खात होतास."

ट्रॅमची वाट न बघता ती चालत निघाली. रुळांपलीकडे दोन किलोमीटर. मी मागे, पंधरा पावलांवर. बागेत पोचल्यावर तिने खोपटातून खुरपं घेतलं, जाकीट फाटकाला अडकवलं आणि पहिला गोटा उचकटला. उलटा केला. काजळी, चिखल, गांडुळं. बादलीत बुडवला, ब्रशने घासला, बघितला, गवतावर ठेवला. दुसरा उचकटला.

"दे, मी करतो," मी म्हणालो.

"हात लावू नकोस."

"पाठ धरेल तुझी."

"लुद्विक, हात लावू नकोस." लुदेक नाही म्हणाली.

आठ दिवस. सकाळी सातला जायची, संध्याकाळी स्तेफा जाऊन तिला घेऊन यायची. स्तेफा तिच्याबरोबर घासायला बसायची, तिला परवानगी होती. माझं काम पाणी भरून ठेवणं, तेही लांबून. जेवताना त्या दोघी आपसांत बोलायच्या, मीठ हवं असलं तरी माझ्याकडे मागायच्या नाहीत. तीन गोट्यांवर पांढरे ठिपके सापडले. बोग्नाने तिन्ही मांडीवर घेतले, डोळे मिटून एकेकावरून हात फिरवला, आणि तीनदा नाही म्हणून मान हलवली. मग शेजारच्या बागांच्या कुंपणांशी जाऊन विचारून आली. एकाने सांगितलं, आमचे कारंज्याच्या काँक्रीटमध्ये गेले. दुसऱ्याने सांगितलं, आमचे शोषखड्ड्यात. तिसरा म्हातारा वारलाय, नव्या मालकाने सगळं उपसून कचऱ्याच्या गाडीत दिलं.

नवव्या दिवशी शेवटचा गोटा झाला. खोपटापासून फाटकापर्यंत नुसता खड्डा, आणि कुंपणाकडेला धुतलेल्या, लखलखीत गोट्यांचा ढीग. त्यांना इतकं स्वच्छ मी कधीच पाहिलं नव्हतं, भिंतीवर असतानाही. बोग्नाची नखं तुटली होती. ती उलट्या बादलीवर बसली आणि पहिल्यांदा माझ्याशी आपणहून बोलली.

"तू शोधला होतास का रे कधी?"

"शोधला होता."

"किती?"

आता खोटं बोलायचं त्राण नव्हतं. "दोन बादल्या."

"मग?"

"पाऊस आला."

ती हसली. असं हसू मी कुणाचंच पाहिलेलं नाही आणि परत बघायचंही नाही. "मी बूट काढण्यापुरता हात सोडला," ती म्हणाली, "आणि अठ्ठावन्न वर्षं झोपले नाही. तुझा पाऊस आला." मग हात धुतले, जाकीट घातलं आणि स्तेफाबरोबर घरी गेली. विमानतळावर तिला स्तेफाच्या भाच्याने सोडलं. मला खाली गाडीपर्यंत येऊ नकोस म्हणाली.

वाट मी परत केली नाही. कुठल्या तोंडाने करू? पावसाळी दिवसांत आता खोपटापर्यंत जायचं तर गुडघाभर रेंदा. स्तेफा म्हणते फळ्या टाक. गोटे तिथेच आहेत, कुंपणाशी, वरती ते तीन ठिपक्यांचे.

एक नोव्हेंबरला स्तेफा तिच्या आईवडिलांच्या थडग्याकडे गेली. मी माझ्या आईकडे गेलो, तिची मेणबत्ती लावली, आणि दुसरी घेऊन बागेत गेलो. सगळीकडे सामसूम, या दिवशी बागेत कोण येतं? रेंदा तुडवत ढिगापर्यंत पोचलो, त्याच्यासमोर काचेतली मेणबत्ती ठेवली, तीन काड्या विझल्या, चौथी पेटली. मग वाकून हात फिरवायला लागलो. कुठला कोणाचा काय माहीत, म्हणून सगळ्यांवरून. वरच्या, बाजूच्या, खाली हात पोचेल तिथपर्यंतच्या. पाठ भरून आली तरी थांबलो नाही.

फोन येणार नाही याची मला खात्री होती. खिशात वाजला तेव्हा हात इतका गार होता की उचलताना दोनदा निसटला.

"मेणबत्ती लावलीस?" पलीकडून बोग्ना. बाकी काही नाही, नाव नाही, कसा आहेस नाही.

"लावली," मी म्हणालो. समोर जळत होती.

"दगडाशी?"

"दगडाशी. आत्ता इथेच उभा आहे मी, बोग्ना. खरंच."

"थापा मारू नकोस, लुद्विक," ती म्हणाली आणि फोन ठेवला.